बर्फाचा वाफसा

रोकडेबाई वेड्या नव्हत्या. हे मी पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण मंचर-अवसरीकडे त्यांचा विषय निघाला की अजूनही कोणीतरी म्हणतं, "त्या बर्फावर घसरायला गेलेल्या बाई ना?" आणि डोक्याजवळ बोट फिरवतं. मी त्यांच्याबरोबर अकरा वर्षं एका स्टाफरूममध्ये बसले. त्या घसरायला गेल्या तेव्हा सोबत होते. त्यामुळे बोट फिरवणाऱ्यांपेक्षा मला थोडं जास्त माहीत आहे.

बुटक्या, सावळ्या, जाड भिंगाचा चष्मा, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. भूगोल शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. अवसरी बुद्रुकला भावाच्या घरी राहायच्या आणि रोज सायकलने मंचरजवळच्या आमच्या शाळेत यायच्या. सगळ्यांना नुसत्या आडनावाने हाक मारायच्या. मी त्यांच्याहून सतरा वर्षांनी लहान, मराठी शिकवणारी, नवीन लागलेली. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "शिंदे, तुझी खुर्ची खिडकीजवळची घे. ढग दिसतात." एरवी त्या पुस्तकातलं मराठी बोलायच्या, पण राग आला की भाषा थेट घरी जायची. 'नव्हतं'चं 'न्हवतं' झालं की मुलं आपोआप सरळ बसायची.

त्यांच्या गळ्यात एका काळ्या दोऱ्यात किल्ली असायची. नवी आलेली माणसं ती कपाटाची समजत. ती पर्जन्यमापकाची होती. शाळेच्या बागेत तारेचं कुंपण घालून त्यांनी तो बसवला होता, आणि सकाळी साडेआठला त्याची नोंद घ्यायच्या. रविवारी, दिवाळीला, उन्हाळ्यातसुद्धा. "पाऊस पडला नाही हीपण नोंदच असते," म्हणायच्या. एकदा ऐन एप्रिलमध्ये पोरांनी कुंपणावरून त्यात तांब्याभर पाणी ओतलं. बाईंनी आरडाओरडा केला नाही. वहीत लिहिलं: 'पाऊस १४ मि.मी. ढग शून्य. संशय: नववी ब.' आणि ती वही नववी ब मध्ये मोठ्याने वाचून दाखवली.

त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली होती. ते कधी कुठे मोजणीवाल्यांबरोबर साखळी धरायला जायचे, त्यामुळे नकाशा वाचायला शिकले. 'तुमचं इथं काय काम?' हा प्रश्न त्या घराने बराच ऐकला होता. वडील लेकीला सांगायचे, "जिथं जाऊ नको म्हणत्यात, तिथला नकाशा आधी घरात आणायचा." बाईंच्या घरी भिंतीवर देवादिकांच्या जागी नकाशे होते, आणि त्यातला सगळ्यात मोठा हिमालयाचा होता.

बर्फाचं खूळ मात्र एका मुलीमुळे सुरू झालं. मंगल तिचं नाव. येडगावच्या बबनरावांची मुलगी, अवसरीला मामाकडे राहून शिकत होती. हिमवृष्टीचा धडा चालू असताना तिने विचारलं, "बाई, बर्फ पडताना आवाज व्हतो का? पावसाचा व्हतो तसा?" अठ्ठावीस वर्षं बाई तो धडा शिकवत होत्या आणि बर्फ पाहिला होता तो रसवंतीवरचा, पोत्यात गुंडाळलेला. त्यांनी खडू खाली ठेवला. "मला माहीत नाही. मी बघून येते आणि सांगते."

वर्ग सुटल्यावर स्टाफरूममध्ये त्या जाहीरपणे म्हणाल्या, की बर्फ पाहायला नाही जाणार, त्याच्यावरून स्वतःच्या पायांनी उतरून येणार. पायांना स्कीच्या लांब पट्ट्या बांधून. मी विचारलं, नुसतं पाहून का नाही भागत? "पाहायला जाणं म्हणजे दारातून वाकून येणं. ते आमच्या घरानं खूप केलंय." मग हसून म्हणाल्या, "आता आत जायचंय."

पहिली खेप सत्त्याण्णवच्या डिसेंबरात झाली आणि साफ फसली. पुण्यातल्या कुणा ट्रॅव्हलवाल्याने सांगितलं होतं, नाताळात हिमालयात औलीला बर्फ नक्की. बाई नाताळच्या सुट्टीत एकट्या गेल्या. वर पिवळं गवत, ऊन, आणि सरबत विकणारा एक माणूस. चार दिवस वाट पाहून परत आल्या. शाळेत पहिल्या दिवशी शिपाई तुकाराम दारातच उभा. "बाई, बरफ आणला का आमाला?" सगळे हसायला टपलेले. बाईंनी पिशवी टेबलावर ठेवली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "बर्फ नव्हता. गवत होतं. चूक माझी आहे." मग फळ्यावर जाऊन लिहिलं: 'बर्फ: शून्य.' खाली तारीख आणि सही. हसायचं कोणाला सुचेना. पण गावाला सुचलं. 'गवतावर घसरून आलेल्या बाई' हे नाव पुढे चार वर्षं टिकलं.

ती चूक आमच्याकडच्याच माणसाने करावी अशी होती. बाईंनी मला नंतर समजावून सांगितलं. आपल्याकडे पावसाचं एक ठरलेलं येणं असतं. जूनचा पहिला आठवडा आला की माणूस आकाशाकडे बघतो, दोन दिवस इकडेतिकडे, पण एकदा आला की चार महिने मुक्काम. बाईंना वाटलं, तिकडेही बर्फाचं तसंच मृग नक्षत्र असणार. डिसेंबर लागला की लागला. "शिंदे, तिकडं हंगाम सुरू होत नाही. तिकडं खेपा असतात. पश्चिमेकडनं झंझावात येतात, एकामागून एक. भीमाशंकरच्या एसटीसारखे. कधी लागोपाठ दोन, कधी दिवसभर एक नाही. आणि मी बिनचौकशी स्टँडवर जाऊन बसले."

मग त्यांनी चौकशी आरंभली. एक लांबलचक वही केली. रोज वर्तमानपत्रातलं हवामान कापून चिकटवायचं, सातच्या बातम्यांत उपग्रहाचं चित्र दिसलं की पांढरा डाग कुठे आहे ते पेन्सिलीने काढायचं. आणि बबनराव. त्यांची येडगावच्या धरणाजवळ द्राक्षाची बाग होती, आणि जानेवारीत ढग म्हणजे भुरी रोगाचं आमंत्रण, त्यामुळे ढगांचा त्यांच्याइतका अभ्यास कोणाचा नव्हता. दोन-तीन दिवसांनी ते बूथवरून शाळेत फोन करायचे. तुकाराम ओरडायचा, "बाई, तुमचं ढगवालं!"

"बाई, काल लई आभाळ व्हतं. आज फाटलंय."

"आणि वारं?"

"वारं वरनं सुटलंय. थंडी वाजाया लागली."

बाई वहीत टिपायच्या. दोन हिवाळ्यांत त्यांना साखळी सापडली. तिकडे बर्फ पडतो, इकडे द्राक्षांवर ढग येतात, ते सरले की उत्तरेचं वारं खाली उतरतं आणि अवसरीत हुडहुडी भरते. म्हणजे आपल्याला वाजते ती थंडी तिकडच्या बर्फावरून आलेली असते. हे कळलं त्या दिवशी बाई भर थंडीत स्वेटर काढून बागेत उभ्या राहिल्या होत्या. मुख्याध्यापकांनी खिडकी लावून घेतली.

एकदा बबनराव रागाने शाळेतच आले. रेडिओने 'हवामान कोरडे' सांगितलं म्हणून त्यांनी फवारणी केली नाही, आणि बागेवर दोन दिवस ढग बसले. "तुमच्या अंदाजाच्या नानाची टांग," म्हणाले, "सगळं थोतांड हाय." बाई शांतपणे उठल्या. "बबनराव, अंदाज कुठला होता?" "रेडिओवरचा." "रेडिओ बोलतो कुठनं ते नाही विचारलं. तो अंदाज कुठल्या गावचा? पुण्याचा. तुम्ही कुठं राहता? धरणाच्या काठाला. कधीपर्यंतचा होता? चोवीस तासांचा. ढग आले कधी? तिसऱ्या दिवशी. अंदाज खोटा नव्हता. तुम्ही तो उसना नेला आणि जास्त दिवस वापरला." बबनरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुढच्या आठवड्यात पेटीभर द्राक्षं पाठवली.

पुढे मंचरला इंटरनेटचं दुकान निघालं. बाई तिथे शनिवारी जाऊन बसायच्या, पोरं चॅटिंग करायची त्यांच्या मधल्या खुर्चीवर. तिथून त्यांना कळलं, की अंदाज पायथ्याच्या गावाचा दिलेला असतो, उताराचा नाही. हजार मीटर चढलं की साडेसहा अंश तापमान उतरतं हे त्या जन्मभर शिकवत आल्या होत्या. ते आता स्वतःसाठी वापरलं. पायथ्याच्या जोशीमठाला सहा अंश असेल तर वर औलीला शून्य. खाली पाऊस तर वर बर्फ. जोशीमठाला बारा असेल तर दोन्हीकडे नुसताच चिखल. त्यांचा एक नियम होता: तीन दिवसांचा अंदाज ऐकायचा, पाचव्या दिवसाचा विचारात घ्यायचा, आणि दहाव्या दिवसाचा कोणी छातीठोक सांगायला लागलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावायचं. मी विचारलं, मग दोन महिने आधी रेल्वेचं तिकीट काढायचं कसं? "तिकीट जुन्या नोंदींवर काढायचं. पाऊल अंदाजावर टाकायचं." त्यांच्या वहीप्रमाणे प्रत्येक हिवाळ्यात जानेवारी संपताना तिथे बर्फ साचलेला होता. त्यांनी फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरला.

दर रविवारी त्या जुन्नरला जाऊन लेण्याद्रीच्या पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या, दोनदा. पायऱ्यांवर ओळखीची माणसं भेटायची. "बाई, तुमी बी नवस बोलला व्हय?" बाई धापा टाकत म्हणायच्या, "नवस नाही. गुडघे." आणि वर लेण्यात खांबाला टेकून पाच मिनिटं गप्प बसायच्या. ती लेणी त्यांच्या माणसांची, एवढंच मला एकदा सांगितलं होतं.

दोन हजार दोन सालची गोष्ट. बाईंना निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, डॉक्टरांनी गुडघ्यांना तेवढीही दिली नव्हती. त्यांनी रजेचा अर्ज दिला. मुख्याध्यापकांनी तो परत सरकवला. मी चाचणीच्या वह्या द्यायला गेले होते, म्हणून समोर होते.

"दहावीची परीक्षा तोंडावर आहे, बाई."

"अभ्यासक्रम डिसेंबरात संपला, सर. तीन सराव परीक्षा झाल्या. पेपर तपासून दिलेत."

सरांनी चष्मा पुसला. "तसं नाही हो. पण बर्फावर घसरणं वगैरे... हे आपल्यासारख्यांचे खेळ नाहीत."

"आपल्यासारख्या म्हणजे कोणासारख्या?"

"म्हणजे... शिक्षकांचे," सर म्हणाले.

"शिक्षकांचे म्हणत असाल तर ठीक आहे. आणखी काय म्हनायचं असंल तर लिहून द्या. मी बी लिहून उत्तर देईन." 'म्हनायचं' ऐकलं आणि मी वह्या घट्ट धरल्या. सरांनी सही केली.

मी बरोबर निघाले त्याचं कारण मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक त्या सहीमुळे. पण घरी मी सांगितलं होतं, हरिद्वारला जातेय. खोटं नव्हतं, गाडी हरिद्वारलाच जात होती. बाईंना हे गाडीत कळलं. "शिंदे, जिथं जायचं तिथलं नाव घ्यायला शीक. नाहीतर पोचून उपयोग नाही." हरिद्वारला उतरल्या उतरल्या मी बूथवरून घरी फोन केला आणि सांगितलं, बर्फावर चालले. पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "कानटोपी हाय ना?"

आमच्याबरोबर पुण्याचा वीस-बावीस माणसांचा गट होता आणि एक टूरवाला. जोशीमठाला लॉजवर हिंदी वर्तमानपत्र होतं. पुढच्या चोवीस तासांत तीस मिलिमीटर, असं त्यात लिहिलं होतं. लॉजवाला म्हणाला, एक दिवस इथेच थांबा. बाईंनी हसून मान हलवली. तीस मिलिमीटर? पर्जन्यमापकात जेमतेम दोन बोटं. अशा पावसात त्या छत्री न घेता शाळेत येत. "चला वर," त्या म्हणाल्या. तापमान सहा अंश होतं, म्हणजे वर बर्फच पडणार होता. त्यांना पडताना बघायचा होता.

आम्ही सगळे वर औलीच्या लॉजवर पोचलो आणि दुपारी बर्फ सुरू झाला. बाईंनी कानटोपी काढली आणि अर्धा तास बाहेर उभ्या राहिल्या. केस पांढरे झाले, चष्मा दिसेना. मी दारातून ओरडत होते. आत आल्यावर त्यांनी पिशवीतून पोस्टकार्ड काढलं आणि मंगलला लिहिलं. मंगल तेव्हा नर्सिंग शिकत होती. पत्रात एकच वाक्य: 'आवाज होत नाही, उलट असलेला आवाजही जातो.'

सकाळी दार उघडेना. अंग लावून ढकलावं लागलं. बाहेर गुडघाभर, आणि अजून पडतच होता. बाई बघतच राहिल्या. "तीस मिलिमीटर," पुटपुटल्या. मग आत जाऊन, मापक म्हणून घरून आणलेला तुपाचा रिकामा डबा घेतला, गच्च न दाबता बर्फाने भरला, लॉजच्या स्टोव्हवर ठेवला. वितळल्यावर पट्टी बुडवली. डबाभर बर्फाचं दीड बोट पाणी. त्या मटकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या. "अगं, ते पाण्याचं माप देतात. बर्फ त्याच्या दहापट भरतो. तीस मिलिमीटर म्हणजे जवळजवळ फूटभर. तेहतीस वर्षं मापक वाचतेय मी, शिंदे, आणि पावसाच्या मापानं बर्फ मोजला." दोन दिवस आम्ही आत अडकलो. बाईंनी गटातल्या प्रत्येकाला स्वतः जाऊन सांगितलं की वर आणायचा आग्रह त्यांचा होता आणि त्यांची चूक झाली. काहींनी समजून घेतलं. काहींनी नाही.

तिसऱ्या दिवशी आकाश निळंशार. टूरवाला दारोदार फिरून टाळ्या वाजवू लागला. "चला, आजच! उद्या सकाळी खाली उतरायचंय, परवा गाडी आहे." सगळे धावले. बाई काठी घेऊन उताराच्या कडेला गेल्या आणि ती बर्फात खुपसली. मुठीपर्यंत आत गेली. तिथे नेगीजी म्हणून स्की शिकवणारा, रापलेल्या चेहऱ्याचा माणूस बसला होता. बाईंनी आपल्या हिंदीत विचारलं, "आज कैसा है?"

"आज फोटो खिंचवाइए, मैडम. स्की कल," तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली. "वाफसा नहीं है."

तो म्हणाला, क्या नहीं है? आणि बाई बर्फात उकिडव्या बसून त्याला वाफसा समजावू लागल्या. शेतात पाऊस झाला की लगेच औत घालत नाहीत. पाय रुततो, ढेकळं होतात, माती बिघडते. ओल जिरू द्यायची, जमीन जरा धरू द्यायची, आणि मग आत जायचं. ती वेळ म्हणजे वाफसा. ना आधी, ना उशिरा. नेगीजी ऐकत राहिला आणि म्हणाला, "आलू के खेत में हम भी यही करते हैं." मंचरचा बटाटा आणि जोशीमठाचा बटाटा एकमेकांना ओळखत निघाले. त्याने सांगितलं, रात्रीत बर्फ बसेल, सकाळी आम्ही तो पायांनी दाबून काढू, दहाच्या सुमाराला ऊन लागेल, तेव्हा या.

त्या दिवशी गटातल्या एका बाईचा गुडघा मऊ बर्फात पिळवटला. तिला खुर्चीवरून आणलं तेव्हा रोकडेबाई तिच्याजवळ तासभर बसल्या, आणि मला म्हणाल्या, "बरं नाही वाटत मला, बरोबर ठरल्याचं."

पण दुसऱ्या दिवशी गट निघाला तेव्हा त्या निघाल्या नाहीत. मला खरंच भीती वाटली. गाडी चुकणार, रजा संपणार, सरांचं तोंड दिसू लागलं. टूरवाला म्हणाला, माझी जबाबदारी नाही. बाई म्हणाल्या, "नव्हतीच कधी." मग माझ्याकडे वळल्या. "तू जा, शिंदे. राग नाही. मी पाच वर्षं थांबले, एक दिवस थांबायला काय होतंय." मी राहिले.

दहा वाजता आम्ही उतारावर होतो. मंचरच्या बाजारातून आणलेली पुरुषी पँट, त्यावर भाच्याचं जर्किन, पायात लोखंडासारखे जड बूट आणि त्याखाली दोन लांब पट्ट्या. नेगीजीने पहिला धडा दिला: पंजे जवळ, टाचा लांब. पट्ट्यांची टोकं पुढे जुळली की वेग आवरला जातो. तोच ब्रेक. पाय सरळ केले की सुटलात. बाई पहिल्यांदा पडल्या तेव्हा मी धावले. दुसऱ्यांदा पडल्या तेव्हा त्यांनी हाताने थांब म्हटलं. नंतर मी मोजायचं सोडलं. दरवेळी त्या आधी चष्मा शोधायच्या, मग स्वतःला.

दुपारी नेगीजी त्यांना वर घेऊन गेला. आमच्या शाळेच्या मैदानाएवढा उतार असेल. खालून त्या दिसत होत्या ठेंगण्या, वाकलेल्या, टाचा लांब, दात-ओठ खात. हळूहळू, अगदी हळूहळू उतरत आल्या. मी शेवटाला उभी. शेवटचा तुकडा राहिला तेव्हा त्या क्षणभर थांबल्या, आणि मला दिसलं की त्यांनी पाय सरळ केले. मुद्दाम. नेगीजी वरून ओरडला. बाई सुसाट आल्या. तोंडातून हूं की चूं नाही, चष्म्यावर ऊन. माझ्याजवळ येताना एवढंच म्हणाल्या, "बाजूला हो, शिंदे." आणि माझ्या पुढे दहा पावलांवर, अजून उभ्या असताना, थांबल्या. मग पडल्या. पडून आकाशाकडे बघत राहिल्या. मी शेजारी बसून रडले. त्या नाही रडल्या.

आम्ही तीन दिवस उशिरा पोचलो. बाईंना कारणे दाखवा नोटीस मिळाली. मलाही, पण माझ्या उत्तरात मी माफी मागितली. बाईंचं उत्तर अर्ध्या फुलस्केपवर होतं, मला पाठ आहे: 'तीस मिलिमीटर पाण्याचा बर्फ सुमारे तीस सेंटिमीटर भरतो, हे मला तेहतीस वर्षं शिकवूनही माहीत नव्हतं. ताज्या बर्फावर लगेच जायचं नसतं, हेही नाही. आता दोन्ही माहीत आहे आणि यंदाच्या नववीला शिकवलं आहे. उशीर झाला हे खरं. वाया गेला हे मान्य नाही.' त्या वर्षी शाळेने आदर्श शिक्षक म्हणून त्यांचं नाव पाठवायचं ठरवलं होतं. ते मागे घेतलं. मी चिडले, त्या नाही. "ज्याला बर्फ चालत नाही तो आदर्श आपला नव्हे," म्हणाल्या आणि किल्ली घेऊन बागेत गेल्या. साडेआठ वाजले होते.

निवृत्त झाल्यावर त्यांचे गुडघे खरंच गेले. लोक म्हणाले, बर्फामुळे. बाई भेटेल त्याला सांगायच्या, "बर्फावर एक दिवस होते. फळ्यासमोर पस्तीस वर्षं उभी होते. हिशेब नीट लावा." मग कंबर, मग एका बाजूचा हात. दोन हजार आठ सालच्या जानेवारीत मी त्यांना भेटायला अवसरीला गेले. आदल्या दिवसापासून अंगात शिरणारी थंडी पडली होती. रस्त्याला शेकोट्या होत्या. दारात बबनरावांची मोटरसायकल उभी होती, आणि मागे द्राक्षाची पेटी बांधलेली.

बाई अंगणात खुर्चीवर होत्या, तोंड उत्तरेकडे. शाल मांडीवर पडलेली. भाची दारातून विनवत होती, "आत्या, आत चला. डॉक्टरांनी थंडीत बसू नका म्हनून सांगितलंय."

"डॉक्टर कुठल्या उंचीवर राहतो विचार," बाई म्हणाल्या. आवाज खोल गेलेला, पण तोच.

बबनराव ओट्याच्या कडेला टोपी हातात घेऊन बसले होते. "बाई, परवा लई ढग व्हते. आज फाटलं."

बाईंनी मान हलवली. डोळे मिटून वारं तोंडावर घेतलं. मला म्हणाल्या, "शिंदे, आलीस? परवा तिकडं चांगला पडलाय. आज मऊ असेल. उद्या वाफसा." भाचीने शाल त्यांच्या खांद्यावर टाकली, ती त्यांनी उरलेल्या हाताने खाली सरकवली.

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. पायांत जुने पांढरे कॅनव्हासचे बूट होते. पंजे जवळ, टाचा लांब. बऱ्याच दिवसांत त्या पायांवर उभ्या राहिल्या नव्हत्या. मी निघायला उठले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उत्तरेकडेच बघत होत्या. आणि अगदी हळू, आधी एक, मग दुसरा, त्यांनी पाय सरळ केले.